पट्टी उजव्या गुडघ्याला

जिल्हा निवड चाचणीला तीन आठवडे असताना माझ्या मुलीचा डावा गुडघा आखाड्यात दुखावला. ती सोळा वर्षांची आहे, त्रेपन्न किलो वजनगटात खेळते. सरावात तिच्या मैत्रिणीनं एकेरी पट काढला, म्हणजे एकच पाय धरून उचलला, आणि दुसरा पाय मॅटच्या शिवणीत अडकून गुडघा आतल्या बाजूला वाकला. आतून ‘टक्’ असा आवाज आला होता. हे तिनं आईला सांगितलं, मला नाही. मला फक्त एवढं सांगितलं, “थोडा जड वाटून राह्यला.”

ही मैत्रीण म्हणजे तिची आखाड्यातली जोड. दोघी एकाच वर्गात, एकाच वजनगटात. बुद्धविहाराच्या पलीकडच्या गल्लीत तिचं घर. पाच वर्षं दोघी रोज एकमेकींना उचलून आपटतात आणि नंतर आमच्या ओट्यावर बसून एकाच ताटात मुरमुरे खातात. तिनंच पाय धरला होता म्हणून दोन दिवस ती आमच्याकडे फिरकली नाही. मग मुलगीच लंगडत जाऊन तिला घेऊन आली.

बुलढाण्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा हलवून पाहिला आणि सांगितलं, आतल्या बाजूची शीर ताणली आहे, तुटलेली नाही. तीच पुन्हा मुरगळली तर तुटेल, आणि तुटली तर कुस्ती विसरा. सूज उतरून दोन्ही गुडघे सारखे दिसले तर खेळण्याचा विचार करू, पण त्याआधी मला दाखवा.

मी मोताळ्याला कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर काम करतो. भरलेली गाडी, रिकामी गाडी, मधला फरक. डॉक्टरांच्या बोलण्यातलं मोजता येण्यासारखं जे होतं, ते मी उचललं. बायकोचा शिवणाचा टेप घेऊन रोज सकाळी दोन्ही गुडघे वाटीच्या मध्यावर मोजायला लागलो. पहिल्या दिवशी डावा अडीच सेंटिमीटर जास्त भरला. मग दोन. मग एक. चाचणीच्या चार दिवस आधी दोन्ही सारखे आले. मी टेप फिरवून दुसऱ्यांदा मोजलं, तरी सारखेच.

“झालं ना बाबा आता?” मुलगी म्हणाली.

डॉक्टर त्या आठवड्यात बाहेरगावी होते. बायको म्हणाली, “त्यायनं दाखवा म्हटलं होतं. मोजा नाई म्हटलं.”

मी म्हटलं, चाचणीच्या ठिकाणी डॉक्टर असतात. प्रत्येक मुलीला तपासूनच मॅटवर सोडतात. तिथं दाखवू. बायकोनं टेप गुंडाळून डब्यात ठेवला.

या चाचणीतून प्रत्येक वजनगटातली एकच मुलगी विभागीय स्पर्धेला अमरावतीला जाते, दुसरी घरी. माझ्या मुलीचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं.

आम्ही सकाळी राजूर घाट चढून बुलढाण्याला पोचलो. जीपमध्ये आखाड्याचे वस्ताद पुढं, दोघी मुली मागं, त्यांच्यासमोर मी आणि मैत्रिणीची आई. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मी तिला ताई म्हणतो. वजन व्हायचं म्हणून मुलींनी आदल्या संध्याकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळं त्या घाटात एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून गप्प होत्या. माझी मुलगी बावन्न किलो सहाशे भरली. काट्यावरून उतरताना तिनं उजव्या पायावर भार दिला. तेवढं मला दिसलं.

मग डॉक्टरांच्या टेबलासमोर मुलींची रांग लागली. मी दोरीच्या अलीकडे उभा होतो. माझी मुलगी पुढं आली. लाल कॉस्च्युम, खांद्यावर टॉवेल, आणि गुडघ्यावर घट्ट गुंडाळलेली क्रेप पट्टी.

पट्टी उजव्या गुडघ्यावर होती.

मला आधी वाटलं माझंच डावं-उजवं चुकतंय, कारण ती माझ्याकडे तोंड करून उभी होती. मी मनातल्या मनात तिच्या जागी उभा राहिलो. नाही. उजवाच. डॉक्टरबाईंनी विचारलं, “इथं काय झालं?” मुलगी म्हणाली, “जुनं आहे मॅडम. सवयीनं बांधते.” बाईंनी पट्टी सोडायला लावली, गुडघा दाबला, आत-बाहेर ढकलून पाहिला, वाकवला. गुडघा चांगलाच होता, त्याला काय होणार! मुलगी समोरच्या भिंतीकडे बघत होती. बाईंनी कागदावर खूण केली आणि म्हणाल्या, “पुढची.”

“बरं बांधलं तिनं,” शेजारून ताई हळूच म्हणाली.

“ताई, पट्टी उजव्या पायाले आहे.”

“मंग? उजव्यालेच पाह्यजे ना.” ती माझ्याकडे बघून हसली. “तुमाले माहीत नाई? पट्टी दिसली का समोरची तोच पाय धरते. म्हणून चांगल्या पायाले बांधतेत. आमचीनं खांदा दुखला त्या वक्ती असंच केलं होतं. आखाड्यात सगळेच करतेत, भाऊ.”

आखाड्याचा हा रिवाज मला पाच वर्षांत कळला नव्हता. पण त्या क्षणी मला रिवाजाशी देणंघेणं नव्हतं. मी एवढाच हिशोब करत होतो की गुडघा बरा असता तर समोरच्या मुलीला फसवायची गरज काय होती? दोन्ही गुडघे सारखे असतील तर पट्टीच नको. म्हणजे माझ्या टेपला जे दिसत नव्हतं, ते तिला माहीत होतं.

मी तिला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं.

“डॉक्टरले डावा दाखव.”

“काऊन?”

“दाखव म्हणतो ना.”

“दाखवला तं बसवतीन मले.”

“बसवतीन म्हणजे काहीतरी आहेच ना त्याच्यात.”

तिनं बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, “बाबा, सरळ चालतानी दुखत नाई. बसतानी दुखत नाई. फक्त कोनी भायेर ओढला तं सुटल्यासारखा वाटते. मी ओढूच देणार नाई. तीन कुस्त्या आहेत फक्त.”

“आणि ओढला तं?”

“मंग जाऊन सांगा तुम्ही. थे बसल्या मॅडम. जा.”

डॉक्टरबाईंचं टेबल पन्नास पावलांवर असेल. मी गेलो नाही. मी वस्तादांकडे गेलो.

वस्ताद साठीच्या पुढचे आहेत. दोन्ही कान फुटून गाठी झालेले, उजव्या हाताची करंगळी आडवी. लग्नाच्या पंगतीत त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची टाकावी लागते, कारण त्यांना मांडी घालून बसता येत नाही. जिना चढताना ते आधी एक पाय वर ठेवतात, मग कठड्याला धरून दुसरा त्याच पायरीवर आणतात. मी त्यांना सांगितलं, गुडघा बरा नाही.

“मले माहीत आहे,” ते म्हणाले.

“मग?”

“भाऊ, या हॉलमंदी कोनाचं काय दुखत नाई थे सांगा मले. थे पोरगी पाहा, तिचं बोट उतरेल आहे. थे तिकडची, तिले ताप आहे. दुखणं नसन तवा खेळतो म्हटलं तं कोनी कधी खेळलंच नसतं. मी याच पायावर आठ वर्सं खेळलो.”

मी त्यांच्या पायाकडे बघितलं. त्यांनी मी बघतोय हे बघितलं.

“हाव,” ते म्हणाले, “हाच पाय.” आणि लाऊडस्पीकरवर कुणाचं तरी नाव पुकारलं म्हणून उठले. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

पहिली कुस्ती सोपी गेली. समोरची मुलगी नवखी होती, मिनिटभरात चितपट झाली. दुसरी चिखलीकडच्या एका धिप्पाड मुलीशी होती. शिट्टी झाल्याबरोबर ती थेट उजव्या पायावर झेपावली, पट्टीवर. माझ्या मुलीला ती कुठं येणार हे आधीच ठाऊक होतं. तिनं पाय मागं घेतला आणि वरून दाबली. दोन गुण. पुन्हा तेच, पुन्हा दोन. बाकावरून ताई टाळ्या वाजवत होती. माझे हात मात्र गुडघ्यांवर होते, माझ्या स्वतःच्या. सहा-चारनं ती जिंकली, पण शेवटी दोघी मॅटबाहेर कोसळल्या तेव्हा ती डाव्या कुशीवर पडली. सगळे उठून उभे राहतात तशी ती उठली नाही. आधी ओणवी झाली, मग उजवा पाय रोवला, मग हातानं मांडी ढकलून उभी राहिली. पंचानं तिचा हात वर केला तेव्हा ती हसत होती. डाव्या पायाची टाच टेकलेली नव्हती.

सोडतीच्या दुसऱ्या बाजूनं मैत्रीणही जिंकत अंतिम कुस्तीत आली.

ताई टाळ्या वाजवायची थांबली. आम्ही दोघं एका बाकावर बसलो होतो, मध्ये डबा आणि पाण्याच्या बाटल्या. कुणी कुणाकडे बघितलं नाही. अंतिम कुस्तीत जी मुलगी समोर येणार होती, तिला पट्टी फसवू शकत नव्हती. खरा पाय कोणता हे त्या हॉलमध्ये सगळ्यात चांगलं तिला ठाऊक होतं.

आमच्या आखाड्यात एक नेम आहे. एकाच आखाड्याच्या दोघांची कुस्ती लागली तर वस्ताद कुणाच्याच कोपऱ्यात बसत नाहीत. ते हॉलबाहेर जातात आणि कुस्ती संपेपर्यंत आत येत नाहीत. त्याप्रमाणे ते चहाला निघून गेले. कोपऱ्यातल्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तेव्हा टेबलावरून कुणीतरी ओरडलं, “पाणी द्यायला तरी माणूस बसवा!” म्हणून मी टॉवेल आणि बाटली घेऊन मुलीच्या कोपऱ्यात जाऊन बसलो. समोरच्या खुर्चीवर ताई बसली. पदर कमरेला खोचलेला, मांडीवर पर्स.

कुस्ती सुरू झाली. मैत्रीण उजवीकडून फिरत होती. हात झटकत होती, मान ओढत होती, पण खाली येत नव्हती. माझ्या मुलीनं तिला एकदा पकडून खाली घेतली, दोन गुण मिळवले. पंचानं मैत्रिणीला खेळण्याची ताकीद दिली. तरी ती आली नाही. ताकिदीचं तीस सेकंदांचं घड्याळ लागलं, त्यातही तिनं गुण घेतला नाही, म्हणून फुकटचा एक गुण माझ्या मुलीला मिळाला. तीन-शून्य. मला हायसं वाटलं पाहिजे होतं. पण समोर ताईचं तोंड आवळत चाललं होतं.

“खेळ ना वं!” ती ओरडली. “पाह्यत काय राह्यली?”

पहिला भाग संपला. तीस सेकंदांची विश्रांती. मुलगी माझ्यासमोर आली, पण बसली नाही. बसली असती तर उठणं अवघड गेलं असतं, हे मला तिच्या मांडीच्या थरथरण्यावरून दिसलं. मी टॉवेल फिरवायला लागलो.

“थे खेळून नाई राह्यली बाबा,” ती दातांतून बोलली. “दया करून राह्यली माझ्यावर.”

“बस कर आता. तीन गुण आहेत. सांगू मी डॉक्टरले?”

“पाणी द्या.”

मी पाणी दिलं. ती चूळ भरून आत गेली.

दुसऱ्या भागात दोघी माझ्या कोपऱ्याजवळ येऊन एकमेकींच्या मानेवर हात टाकून झुंजत होत्या. मला मुलीचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. “धर ना वं पाय. भिकेचा विजय नाई पाह्यजे मले. धर.”

मैत्रीण पुढच्याच क्षणी खाली गेली आणि तिनं पाय धरला. डावा.

ते इतकं बिनचूक होतं की हॉलमध्ये ‘अरे’ असा आवाज उठला. एक हात टाचेशी, दुसरा गुडघ्याच्या मागं, पाय छातीशी धरून ती उभी राहिली. माझी मुलगी उजव्या पायावर उड्या मारत तोल सांभाळत होती. आता इथून पुढं काय करतात हे मी आखाड्याच्या खिडकीतून शंभरदा बघितलेलं आहे. पाय धरणारी गर्रकन बाहेर वळते, गुडघा पिळत समोरचीला खाली आणते. दोन गुण. मग तशीच उलटी फिरवली की आणखी दोन. घड्याळात चाळीस सेकंद होते.

मैत्रीण वळली नाही. पाय तसाच छातीशी धरून उभी राहिली. माझी मुलगी एका पायावर उड्या मारतेय आणि मैत्रीण तिच्याबरोबर पुढं-मागं सरकतेय, असं ते विचित्र चाललं होतं. लोकांना वाटलं असेल ताकद संपली. तिकडून ताई खुर्चीवरून अर्धी उठून ओरडत होती, “पीळ! पीळ म्हणते ना!” तिचंही चुकत नव्हतं. तिच्याही मुलीचं हे शेवटचंच वर्ष होतं.

मैत्रिणीचं तोंड माझ्याकडे होतं. घाम तिच्या डोळ्यांत जात होता, पण ती डोळे मिटत नव्हती. आणि मला माझ्या मुलीच्या गुडघ्याची आतली बाजू दिसत होती. पाय बाहेर ओढला गेला होता, आणि तिथं, जिथं मी रोज सकाळी टेप लावायचो, सांधा उघडल्यासारखा एक खळगा पडला होता.

मी उभा राहिलो. “पंचसाहेब, थांबवा! तिचा डावा गुडघा दुखावलेला आहे. थांबवा!”

शिट्टी वाजली. मैत्रिणीनं पाय एकदम सोडला नाही. हळूच खाली नेऊन टेकवला, जशी आपण भरलेली घागर ठेवतो तसा.

डॉक्टरबाई धावत आल्या. “मी तपासलाय की हिचा गुडघा. उजवा…” एवढं म्हणून त्या थांबल्या. मग खाली बसून त्यांनी डावा पाय मांडीवर घेतला आणि गुडघा बाहेर ढकलला. माझी मुलगी छताच्या पत्र्याकडे बघत होती. चेहऱ्यावर काही नाही. फक्त पायाची पाची बोटं बुटात आवळली गेली, ते बुटाच्या पातळ कातड्यातून दिसलं. बाईंनी दुसऱ्यांदा ढकलून बघितलं नाही.

“हे कुणाला माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“मला,” मी म्हणालो. “सकाळपासून.”

त्यांनी पंचांकडे बघून हात आडवा फिरवला. कुस्ती संपली. मैत्रिणीचा हात वर झाला. तो तिनं स्वतःहून केला नव्हता, पंचानंच मनगट धरून उचलला.

मुलीला मॅटवरून उतरवताना मी काखेत हात घातला. तिनं तो काढला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. एकच वाक्य बोलली. “तीन-शून्य होतं, बाबा.”

वस्ताद चहा पिऊन आत आले, निकालाची पाटी वाचली आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. “तुमी मॅटवर बोलाले नाई पाह्यजे होतं भाऊ,” ते म्हणाले. “बोलाचं होतं तं सकाळी बोलाचं. नाई तं मंग बोलाचंच नाई.” त्यांच्या आवाजात राग नव्हता.

परतीच्या जीपमध्ये दोघी मुली पुन्हा मागं बसल्या. ताईनं उतरताना मला एवढंच विचारलं, “पोरीले उतरवाले हात देऊ का?”

तपासणीत निघालं की आतली शीर अर्धी तुटली होती. ऑपरेशन लागणार नव्हतं, गुडघ्याला आधाराचा पट्टा आणि व्यायाम पुरणार होते. मी हाडांच्या डॉक्टरांना विचारलं, त्या दिवशी पाय पिळला असता तर? ते म्हणाले, गेली असती, किंवा नसतीही. मी पुन्हा विचारलं, अंदाजे? ते म्हणाले, अंदाजे असं काही नसतं. पुढच्या तपासण्यांना मुलगी आईला घेऊन गेली. मी विचारलं तर म्हणायची, “बरा आहे,” आणि सलवार खाली ओढायची. टेप डब्यातच राहिला. मैत्रीण अमरावतीला गेली, पहिलीच कुस्ती हरून आली. आल्याबरोबर दोघी ओट्यावर बसून त्या कुस्तीबद्दल बोलत होत्या, मी आलो तशा गप्प झाल्या.

थंडी सुरू झाल्यावर डॉक्टरांनी हलका सराव करायला परवानगी दिली. पहिल्या दिवशी सकाळी मैत्रीण तिला न्यायला आली. मुलगी आत बूट शोधत होती. मी फाटकाजवळ दात घासत उभा होतो. तोंड धुतलं आणि इतके दिवस मनात होतं ते विचारून टाकलं.

“त्या दिवशी पाय धरून थांबली काऊन होती तू?”

तिनं आधी आतल्या दाराकडे बघितलं.

“तुमी उठसान म्हणून काका,” ती म्हणाली. “तुमी पाहून राह्यले होते ना तिच्या गुडघ्याकडे. मले वाटलं आता उठतीन, आता उठतीन. पण तुमी उठूनच नाई राह्यले.”

“आणि मी उठलो नसतो तं?”

“तं पिळला असता.” तिनं नाक ओढलं, थंडी होती. “माझे हात भरून आले होते काका. तिकडून आई वरडून राह्यली होती. किती वेळ थांबली असती मी?”

मुलगी बूट घालून बाहेर आली. “काय बोलून राह्यले दोघं?”

“काई नाई,” मैत्रीण म्हणाली. “काका म्हणतात, पोरीले सांभाळून आपट.”

“मले सांभाळणारी तू कोन?” मुलीनं तिच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि दोघी निघाल्या. मी फाटक धरून उभा राहिलो. गल्लीच्या वळणापर्यंत मी फक्त डावा पाय बघत होतो.